मिनिटाला चार थेंब

हे लिहायचं निंबाने जवळजवळ रद्दच केलं होतं. कारण सरळ आहे. लघवीची ती पिशवी पहिल्यांदा त्यानेच ओतली होती, आणि ओतून वर "अर्धी होती" असं छातीठोक सांगितलंही होतं. असलं कोण लिहील? कुणाला सांगायची वेळ आली की तो मधूनच सुरू करायचा, थेंब मोजले तिथपासून. मग ऐकणारा म्हणायचा, वा रे पठ्ठ्या! पहिल्यापासून सांगितलं तर काय म्हणेल, हे त्याला न विचारताही माहीत होतं.

तर पहिल्यापासून.

निंबा रावेरचा. वय तेवीस. बारावीला दोनदा नापास, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. केळीच्या बागांना ठिबक बसवून देणाऱ्या एका दुकानात फिटर होता. शिकवलं कुणी नव्हतं. कंपनीची माहितीपुस्तकं इंग्रजीत यायची, ती तो डिक्शनरी घेऊन वाचायचा. पुस्तकात नसेल ते नळ्या उघडून बघायचा. वाहणारं काहीही दिसलं की ते किती वाहतं, हे विचारायची त्याला खोडच होती. एकदा रसवंतीवाल्याला त्याने विचारलं, तुझा चरक मिनिटाला किती रस देतो? रसवंतीवाल्याने त्याला पुढच्या दुकानात जायला सांगितलं.

त्या भागात ठिबक तेव्हा नवं होतं. थेंब सोडणाऱ्या ड्रिपरखालची ओली माती बघून शेतकरी खुशाल सांगायचा, "चांगलं पडू राह्यलं ना भो." निंबा ऐकून घ्यायचा, आणि झोल्यातून रेघा आखलेली प्लास्टिकची मोजनळी काढून ड्रिपरखाली धरायचा. घड्याळ लावून एक मिनिट. कारण केळीचं झाड लबाड असतं. पाणी आज कमी झालं तरी पान आज हिरवंगारच. ते पिवळं पडेपर्यंत आठ दिवस जातात, आणि तोवर घडाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. अंदाजाने बोलणाऱ्या शेतकऱ्याला निंबा शिव्या द्यायचा. सगळ्यात जास्त शिव्या झुलालने खाल्ल्या होत्या, कारण तो दोस्त होता.

झुलालची मुलगी जागृती. सगळे तिला जागू म्हणायचे. पाच वर्षांची, पण वजन तेरा किलो. अंगणात चार पावलं पळाली की उकिडवी बसायची, आणि दर हिवाळ्यात छाती भरायची. जळगावच्या डॉक्टरांनी कानातली नळी छातीला लावली आणि सांगितलं, हृदयाला भोक आहे. मग कळलं की धुळ्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात शिबिर आहे. मुंबईहून डॉक्टरांची टीम येणार, मशीनसकट, आणि पाच दिवसांत सहा मुलांची ऑपरेशनं करणार. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी होता. झुलाल, त्याची बायको कुंदा आणि जागू निघाले. पिंप्राळ्याला झुलालच्या बहिणीकडे एक मुक्काम करून धुळ्याला पोचले. निंबाने दुकानातून पंधरा दिवसांची सुट्टी काढली आणि झोला खांद्याला अडकवून तोही गेला. झोल्यात मोजनळी होती. ती कायम असायची, जसा काहींच्या खिशात कंगवा असतो.

खरं सांगायचं तर निंबाला मशीन बघायचं होतं.

मशीन त्याला बघायला मिळालं नाही, पण ते चालवणारा तंत्रज्ञ मिळाला. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर. बारीक अंगाचा, चष्मेवाला, मुंबईकडचा माणूस.

"साहेब, हृदय बंद करता म्हणे?"

"करतो ना. शिवायला हलायला नको."

"मग रक्त कोण फिरवतं?"

"मी." तो माणूस हसला. "म्हणजे पंप. रक्त बाहेर काढायचं, पंपातून आणि हवा मिसळणाऱ्या डब्यातून फिरवायचं, परत अंगात सोडायचं."

"मिनिटाला किती लिटर?"

चष्मेवाल्याने ग्लास खाली ठेवला. "तुमचं शिक्षण काय?"

"ठिबक बसवतो."

"अस्सं. तुमच्या पोरीला दीड लिटरच्या आसपास लागेल. वजनावर असतं ते."

निंबाने आणखी दहा प्रश्न विचारले. शेवटचा असा होता की, एवढ्या नळ्यांतून, पंपातून घासून आलेलं रक्त परत अंगात गेलं तर ते कुणाला बाधत नाही का?

"किडनीला," तो माणूस म्हणाला. "तिला ते आवडत नाही. दोन दिवस तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. लघवी होते का, किती होते. हृदय शिवलं म्हणजे झालं असं नसतं. नोकरी पाहिजे का तुम्हाला?"

निंबा हसला. किडनीचं ते वाक्य मात्र त्याने लक्षात ठेवलं. म्हणजे ठेवलं असं त्याला वाटत होतं.

ऑपरेशन गुरुवारी झालं. चांगलं झालं. शुक्रवारी दुपारी जागूच्या तोंडातली नळी काढली आणि तिला शेजारच्या खोलीत आणलं. तिथे चार मुलं आणि एक नर्स. प्रत्येक मुलाजवळ घरचा एकच माणूस, तोही तोंडाला फडकं आणि अंगात हिरवा झगा घालून.

आधी झुलाल आत गेला. हा माणूस नांगराचा फाळ एका हाताने उचलतो. त्याने छातीवरची पट्टी पाहिली, बरगडीखालून निघालेली नळी पाहिली, गादीखाली लोंबणारी लघवीची पिशवी पाहिली, आणि उभा होता तिथेच आडवा झाला. दोन वॉर्डबॉयनी त्याला ओढत बाहेर आणलं.

"मले नाही पाह्यवत भो," बाहेरच्या बाकावर पाणी पिताना तो म्हणाला. "तू जा. तू नळ्यांतला माणूस."

असा निंबा आत गेला. एकदा तो, एकदा कुंदावहिनी, अशी पाळी लागली.

आणि तिथेच ते झालं. चारच्या सुमाराला निंबाने पिशवी बघितली. लहान मुलांची, अर्ध्या लिटरची, तळाशी फुगलेली. सिस्टर सुनंदाबाई तिकडे एका रडणाऱ्या पोराला धरून होत्या. पन्नाशीच्या, सकाळपासून पायांवर. निंबाला वाटलं, आपल्या पोरीची घाण त्या बाईंनी का काढावी? घरच्या माणसाचं काम आहे ते. आपल्याकडे दवाखान्यात हे सगळेच करतात. भांडं धुऊन ठेवायचं, चादर झटकायची, सिस्टरला ताण द्यायचा नाही. याला कुणी चूक म्हणत नाही, संस्कार म्हणतात. त्याने खालची तोटी उघडली, मोरीत पिशवी रिकामी केली आणि हात धुतले.

सुनंदाबाई आल्या. रिकामी पिशवी बघून कमरेवर हात. "फेकी दिन्ही का? कितली व्हती?"

निंबा म्हणाला, "अर्धी होती."

सुनंदाबाईंनी कागदावर लिहिलं, अडीचशे.

दोन शब्द. ज्या माणसाने चार वर्षं लोकांना अंदाज करू नका म्हणून शिव्या दिल्या, त्याने उभ्या उभ्या अंदाज ठोकून दिला. मोजनळी बाहेर बाकाखाली, झोल्यात. का केलं? बाईंना बरं वाटावं, आपण बावळट दिसू नये, आणि पोरगी चांगली आहे असंच ऐकायची सगळ्यांना इच्छा होती. झुलाल ज्या कारणाने "चांगलं पडू राह्यलं" म्हणायचा, त्याच कारणाने.

मुंबईची टीम शुक्रवारी संध्याकाळी बाकीच्या पोरांत अडकलेली, आणि शनिवारी सकाळी सामान बांधून गेली. मागे दवाखान्याचे डॉक्टर देवरे राहिले. तरुण, चार रात्री नीट न झोपलेले, बोलायला भले.

शनिवारी नऊ वाजता निंबा पाळीवर आला. कुंदावहिनी उठता उठता म्हणाली, "भाऊजी, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणे. फक्त तोंड थोडं सुजल्यासारखं वाटू राह्यलं. झोपल्यामुळे असेल."

"पिशवी?"

"दोनदा ओतली मी. तुम्ही सांगितलं होतं ना, सिस्टरला त्रास नको."

"किती होती?"

"होती थोडी थोडी."

ती गेली. निंबा स्टुलावर बसला. जागू डोळे मिटून पडली होती, पापण्या फुगलेल्या. करायला काहीच नव्हतं म्हणून त्याने पिशवीच्या तोंडाकडे बघितलं. नळी तिथे पिशवीत शिरते आणि आत थेंब पडताना दिसतो. सवयीने त्याने घड्याळ बघितलं. एक मिनिट गेलं. एक थेंब पडला. दुसऱ्या मिनिटाला एकही नाही. तिसऱ्याला एक.

शेजारच्या खाटेवर साक्रीकडच्या एका शेतकऱ्याचा पोरगा होता, जागूएवढाच. निंबाने मान वाकडी करून त्याची पिशवी बघितली. टप, टप, टप, टप. मिनिटाला चार, कधी पाच.

थेंब कमी पडला की निंबा आधी नळी बघतो. घडी पडली असेल, कुणी पाय दिला असेल. त्याने नळी पांघरुणापासून पिशवीपर्यंत बोटाने चाचपली. कुठे घडी नाही, कुठे दाब नाही. मग दोनच गोष्टी उरतात. फिल्टर चोंदला, नाहीतर मोटारीचा जोर कमी पडला. आणि त्याला चष्मेवाल्याचं वाक्य आठवलं.

तो बाहेर धावला, बाकाखालून झोला ओढला. झुलाल म्हणाला, "काय रे?" निंबा म्हणाला, "काही नाही, मोजतो." मोजनळी त्याने नळाखाली साबणाने दोनदा धुतली. पिशवी पूर्ण रिकामी केली, वेळ लिहिली. पावणेदहा. लिहायला कागद नव्हता म्हणून ड्रिपरच्या जाहिरातीच्या मागे लिहिलं.

"हाई काय चाली ऱ्हायनं आठे?" सुनंदाबाई म्हणाल्या. "हाई तुमनी केळीनी बाग शे का?"

"सिस्टर, एक तास. एक तास पिशवीला कुणी हात लावू नका."

पावणेअकराला त्याने पिशवीची तोटी उघडून मोजनळीत ओतलं. चार मिली. डोळ्यांच्या पातळीला धरून परत बघितलं. चारच. गडद, चहासारखं. साक्रीच्या पोराच्या बापाला विनवून त्याचीही तेवढ्याच तासाची मोजली होती. सोळा.

डॉक्टर देवरे आले तेव्हा निंबाने दोन्ही आकडे सांगितले.

"हे बघा, तिची क्रिएटिनिन सकाळी शून्य पॉइंट सहा आली," देवरे म्हणाले. "किडनी ठणठणीत आहे. घाबरू नका."

"ते क्रिएटिनिन काय असतं सर?"

"शरीरातला कचरा. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी बिघडली की तो रक्तात साठतो आणि रिपोर्टमधला आकडा वाढतो."

"लगेच वाढतो?"

"लगेच नाही. साठायला वेळ लागतो. एक दिवस, दोन दिवस."

"मग सर, तो आकडा म्हणजे केळीचं पान झालं."

"काय झालं?"

"पान. पाणी आज तुटलं तरी पान आज हिरवंच राहतं. तुमचा रिपोर्ट कालची गोष्ट सांगतोय. हा थेंब आत्ताची सांगतोय."

देवरेंनी चार्ट उचलला. "पण चार्टवर कालपासून साडेतीनशे मिली लघवी लिहिली आहे. एवढी झाली असेल तर एका तासाच्या चार मिलीवर मी काय करू? कमीजास्त होतं."

इथे निंबा गप्प बसू शकला असता. कुणाला काही कळलं नसतं.

"सर, ते साडेतीनशे खरे नाहीत."

"म्हणजे?"

"त्यातले अडीचशे मी सांगितले. मीच पिशवी ओतली आणि न मोजता अर्धी म्हणून सांगितलं. पुढचे शंभर वहिनीने अंदाजाने सांगितले. काल दुपारपासून कुणी मोजलेलंच नाही. कालपासूनचा खरा आकडा एकच आहे सर. हा चारचा."

सुनंदाबाईंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत वर केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग देवरे हलले, आणि हलले ते थांबलेच नाहीत. नळीत सुईने थोडं सलाइन सोडून ती मोकळी आहे याची खात्री केली. मोकळी होती. बीपी घेतलं, सकाळपेक्षा खाली. एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. टीमचे मोठे डॉक्टर घरी पोचले नव्हते, पण मुंबईतच असलेले त्यांचे सहायक भेटले. परत येऊन सुनंदाबाईंना भराभर सांगितलं: जंतूंसाठी चालू असलेलं एक इंजेक्शन बंद, ते किडनीला जड जातं. हृदयाला जोर देणारं औषध थेंबाथेंबाने चालू. सलाइन तोलून मापून. रक्तातलं पोटॅशियम दर सहा तासांनी. आणि पोटात नळी घालून रक्त धुवायची वेळ आली तर सामान हाताशी हवं म्हणून नाशिकला निरोप.

निंबाला राहवलं नाही. "सर, मोटार का फिल्टर? म्हणजे हृदय का किडनी?"

देवरेंना हसू आलं, त्याही वेळी. "दोन्ही थोडं थोडं. मोटारीचा जोर कमी पडलाय आणि मशीनवरच्या रक्ताने फिल्टरला मार बसलाय. मोटार आपण ठीक करू. फिल्टर स्वतःच बरा होतो, वेळ दिला तर. उद्या परवा कळलं असतं तर मी ते इंजेक्शन देतच राहिलो असतो." मग ते म्हणाले, "आता तुम्ही मोजायचं. दर तासाला. आणि अंदाज नाही."

शेवटचे दोन शब्द ते सहज बोलले. निंबाला ते सहज लागले नाहीत.

चार. तीन. तीन. पाच. चार. जाहिरातीचा कागद भरत गेला. कुंदावहिनीला त्याने मोजनळी डोळ्यांसमोर कशी धरायची ते दाखवलं, आणि तिच्या पाळीतही आकडे नेमके येऊ लागले. रविवारी सकाळी क्रिएटिनिन एक पॉइंट तीन आली. देवरे कागद दाखवत म्हणाले, "पिवळं पडायला लागलं बघा तुमचं पान." सोमवारी एक पॉइंट आठ. जागूचा चेहरा असा सुजला की झुलालने दारातून बघितलं आणि यावेळी पडला नाही, नुसता भिंत धरून उभा राहिला. नाशिकहून मागवलेल्या सामानाचा खोका खाटेखाली येऊन पडला होता, चिकटपट्टीसकट. निंबा दर वेळी मोजायला वाकला की तो खोका नजरेला यायचा.

सोमवारी दुपारी दोनला सात. तीनला नऊ. निंबाने कुणाला सांगितलं नाही, अजून एक तास बघू म्हटलं. चारला तेरा. तो स्टुलावर बसून घड्याळ लावून बघत राहिला. टप. टप. टप. टप. मिनिटाला चार. आयुष्यात एवढ्या ठिबक त्याने चालू केल्या होत्या, पण थेंबाकडे बघून डोळे भरून यायची ही पहिलीच वेळ.

सुनंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "पडी ऱ्हायनं?"

"पडतंय सिस्टर. तेरा."

"मोजीसन सांगी ऱ्हायना ना?"

"मोजून."

त्यांनी तेरा लिहिले, आणि जाता जाता त्याच्या डोक्यावर हातातला चार्ट हलकेच आपटला.

खोका उघडावा लागला नाही. आठवड्याने क्रिएटिनिन शून्य पॉइंट सातवर आली आणि जागू भाकरीसाठी भांडायला लागली. दरम्यान झुलालने अख्ख्या दवाखान्याला सांगून टाकलं होतं की माझ्या दोस्ताने पोरगी वाचवली. टपरीवाल्याला सांगितलं, साक्रीवाल्याला दोनदा सांगितलं, पिंप्राळ्याहून भेटायला आलेल्या बहिणीला तर निंबाला समोर उभा करून सांगितलं. निंबा खाली बघून हसायचा. प्रत्येक वेळी गोष्ट थेंबांपासून सुरू व्हायची, आणि प्रत्येक वेळी त्याचं ते "अर्धी होती" सांगायचं राहून जायचं.

घरी जायच्या दिवशी देवरेंनी त्याला बोलावलं. "पुढचं शिबिर एप्रिलमध्ये. घरच्यांसाठी एक कागद लिहून द्याल? पिशवी का ओतायची नाही ते. तुमच्या भाषेत. मी लिहिलं तर कुणी वाचणार नाही."

निंबा "बघतो" म्हणाला आणि बाहेर आला. झुलाल बाकावर जागूला मांडीवर घेऊन बसला होता. ती समोरच्या गळक्या नळाचे थेंब मोजत होती. तिला वीसपर्यंतच येत होतं, मग परत एकपासून.

"काय म्हणे डॉक्टर?"

"कागद लिहून दे म्हणतात."

"मग लिही ना. तुले काय, तू लिहिणारा माणूस."

निंबा शेजारी बसला. "झुल्या, एक सांगायचं राह्यलं."

"सांग."

"पहिल्या दिवशी पिशवी मीच ओतली. अन् सिस्टरले सांगितलं, अर्धी होती. मोजली नव्हती. त्याच्यामुळे डॉक्टर एक अख्खा दिवस चुकीच्या आकड्यावर राह्यला. वहिनीलेही मीच सांगितलं होतं ओतायचं."

झुलालने जागूला मांडीवर सावरून बसवलं. जागूचं एकोणीस, वीस, एक, दोन चालू होतं. मग त्याने विचारलं, "खरी किती होती?"

"माहीत नाही. तेच तर. ते आता कधीच कळणार नाही."

"माझ्या बागेत अंदाज सांगायचो तेव्हा तू मले किती शिव्या द्यायचा?"

"लय."

"मग आता मी देऊ का?"

"दे."

झुलालने एकच दिली, पण शोधून दिली. जागू मोजायची थांबून बापाकडे बघायला लागली.

"कागदावर काय लिहिणार?" झुलालने विचारलं. आवाज अजून जाड होता.

"पिशवी ओतू नका. सिस्टरले मोजू द्या."

"नाही ऐकणार कोणी. तू ठिबकचं सांगायचा तेव्हा मी ऐकलं होतं का? माझी केळीची बाग वाळली तेव्हा मी ऐकलं. तू तुझं लिही. डॉक्टरचा कागद तर लिहीच, पण ही बठ्ठी गोष्टही लिही, पहिल्यापासून, जशी झाली तशी. थेंबांपासून नको. ती तू बारा जणांले सांगून राह्यला अन् मीही सांगून राह्यलो, मूर्खासारखा." मग तो हळू म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा बाप बाहेर बाकावर बसलेला असेल ना भो. त्याच्या दोस्ताले कळलं पाह्यजे, की हुशार माणूसही ओततो."

जागू म्हणाली, "काका, नळ मिनिटाला किती?"

निंबाने घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. मग झुलालकडे वळला.

"लिहितो," तो म्हणाला. "मी ओतली, हे सुरुवातीलाच लिहितो. अन् अर्धी म्हटलं होतं, तेही गाळत नाही. तुझी शपथ."